खुलासा असमाधानकारक

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

जयदीपने दहा वाजताच केबिनमध्ये बोलावलं. चेहरा असा, की कंपनीवर दरोडा पडलाय. "मॅडम, वी हॅव बीन हॅक्ड." मालकाचा मुलगा. दोन वर्षं परदेशात शिकून आला, तेव्हापासून वाईट बातमी इंग्रजीतच देतो.

झालंय असं. आम्ही ज्या गाडी कंपनीला ब्रॅकेट पुरवतो, तिच्या ऑडिटवाल्याने आमच्या फायरवॉलच्या ऑगस्टमधल्या नोंदी मागवून घेतल्या होत्या. क्वालिटी लॅबमध्ये मोजणीच्या मशीनला जोडलेला एक लिनक्स कॉम्प्युटर आहे. त्याच्या नेटवर्कमधल्या पत्त्यावरून रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास, परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर तीन-साडेतीनशे एमबी माहिती बाहेर जाते म्हणे. त्याच कॉम्प्युटरवर त्यांच्या नव्या गाडीची ड्रॉइंग आहेत. तीस तारखेच्या आत लेखी उत्तर द्या, नाहीतर ड्रॉइंग परत करा – म्हणजे काम परत करा.

ऑडिटवाल्याला दिसलं आणि मला दिसलं नाही, याचा राग येतोय. पण इथं नोंदी वाचायला वेळ कुणी दिलाय? अकरा वर्षं झाली. अजून प्रिंटरमध्ये कागद अडकला की "मंजुषा मॅडमना बोलवा." पोरं खुर्चीच्या चाकात तेल घालायलासुद्धा मला फोन करतील एक दिवस.

सोपानराव, म्हणजे मालक, सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "आमाला त्यातलं काय कळत न्हाई, मॅडम. घरातलं कोण हाय का बाहेरचं, येवडं सांगा."

१० सप्टेंबर

लॅब. मोजणीच्या मशीनवर ज्योतीराम असतो. परतूरकडचा, सहा वर्षं कंत्राटी. दसऱ्याला कायम होणार आहे, पत्र एचआरच्या अपेक्षाकडे टाइप होऊन पडलंय, हे तो सोडून सगळ्या कंपनीला माहीत आहे. त्यालाही असेलच. हल्ली इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला मार्करने लिहिलेला! "इसरतो मॅडम, म्हणून." थिनरने पुसला आणि त्याला दहा मिनिटं सुनावलं. मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "चहा सांगू का?" या लोकांना आपण काय बोलतोय ते पोचतच नाही.

मशीन तपासलं. चालू असलेले प्रोग्रॅम, बाहेर उघडी असलेली कनेक्शनं, ठरावीक वेळी आपोआप सुरू होणारी कामं, कोण कधी आत शिरलं त्याची यादी – सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ की संशय यावा.

११ सप्टेंबर, गुरुवार

साप्ताहिक सुट्टी. घरून फायरवॉल पाहिला. आज एक कणही बाहेर गेला नाही. चोरालाही गुरुवारची सुट्टी लागते!

१३ सप्टेंबर

आज काम केल्यासारखं वाटलं. सकाळी तळवड्याच्या चौकात पाऊण तास अडकले, तेवढ्यात डोक्यात तक्ता तयार झाला. वेळा बघायच्या, आणि त्या वेळी कोण हजर होतं ते बघायचं. रावेतहून चाकणला रोज हेच, गाडीत बसून विचार करायचा आणि कंपनीत पोचून प्रिंटर दुरुस्त करायचे.

वेळा: सकाळी साडेसहा ते सात, संध्याकाळी साडेसहा ते सात. पाच-दहा मिनिटं इकडं-तिकडं. पहिली शिफ्ट सातची. ज्योतीराम साडेसहाच्या आतच कार्ड मारतो. लॅबमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नसतं. संध्याकाळी ओव्हरटाइम करून सातला जातो. तेव्हाही लॅबमध्ये एकटाच.

एवढ्यावरून मी त्याचं नाव घेतलं नसतं. पण तो पोळ्याला गावी गेला होता – २१ ते २४ ऑगस्ट. त्या चार दिवसांत शून्य. २५ला आला, सकाळी सहा पस्तीसला माहिती जायला सुरुवात.

याहून काय वेगळा पुरावा असतो?

१५ सप्टेंबर

संध्याकाळी सहा वाजल्यापासून माझ्या टेबलावरून लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बसले होते. सहा एकतीसला माझं कनेक्शन तुटलं. परत जोडायला गेले तर नुसतं लटकलेलं. फायरवॉलवर मात्र माहिती धो धो बाहेर चाललेली. सात वाजून दोन मिनिटांनी आपोआप सगळं सुरळीत.

मला बाहेर काढून काम करतो म्हणजे! जो माणूस पासवर्ड मॉनिटरवर लिहितो, तो. एकतर फार बावळट आहे किंवा बावळटपणाचं सोंग फार छान करतो. कुणीतरी मागून शिकवत असणार.

आत काय आहे ते वाचता येत नाही. बंद पाकीट. फक्त आकार कळतो आणि कुठं गेलं ते कळतं.

लॅबपर्यंत चालत जाऊन बघायला हवं होतं का? दोन मिनिटांचा रस्ता. पण त्याला सावध कशाला करायचं.

१७ सप्टेंबर

जयदीपने बाहेरचा तज्ज्ञ आणला. सुजित. मारुंजीत राहतो, हिंजवडीत नोकरी, काळा टी-शर्ट, लॅपटॉपवर स्टिकरच स्टिकर. आल्या आल्या विचारलं, "वायफायचा पासवर्ड काय?" मी म्हटलं, "तो काढून घेण्यासाठीच तुम्हाला बोलावलंय ना?" जयदीप एकटाच हसला नाही.

त्याने लॅबच्या मशीनवरच नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लावला. संध्याकाळी बघितलं तर मशीनच्या स्वतःच्या नोंदीत साडेसहा ते सात शून्य! फायरवॉल म्हणतो गेलं, मशीन म्हणतं मी काही पाठवलंच नाही. सुजित खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "क्लासिक केस. रूटकिट. मशीन खोटं बोलतंय." हे मी त्याच्या आधी अर्धा तास म्हटलं होतं, पण मला स्टिकर नाहीत.

ते बरोबरच आहे म्हणा. ज्या मशीनवर संशय आहे त्याचं ऐकायचं नसतं, बाहेरून बघायचं. पहिल्या वर्षाला शिकवतात.

सुजितने जाताना विचारलं, "हा पत्ता याच मशीनचा आहे, नक्की?" मी म्हटलं, "तो पत्ता मी माझ्या हाताने दिलाय. शेवटचा आकडा सदतीस. या कंपनीतल्या प्रत्येक डब्याचा पत्ता मला पाठ आहे." अक्कल पाजळायला आला होता.

१९ सप्टेंबर

अहवाल दिला. सहा पानं. जयदीपने शेवटचं पान तेवढं वाचलं. अपेक्षाने विचारलं, "नाव घालायचं का मॅडम?" मी नाव घातलं नाही. "सदर काळात कॉम्प्युटर श्री. ज्योतीराम यांच्या एकट्याच्या ताब्यात होता" एवढंच लिहिलं. त्यातून ज्याला जे समजायचं ते समजेल.

लगेच समजले.

२० सप्टेंबर

ज्योतीरामला गेटवरच थांबवलं. रोहिदासने, म्हणजे गेटवरच्या सिक्युरिटीने, कार्ड काढून घेतलं. मी गाडी लावत होते. त्याने मला बघितलं आणि दोन पावलं पुढे आला. "मॅडम, मह्याकडून काय चुकलं ते तरी सांगा." मी म्हटलं, "ते अपेक्षा मॅडमना विचारा. लेखी खुलासा द्या." सगळ्यांसमोर काय बोलायचं? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. या वेळेला सगळ्यांच्याच असतं.

लॅबचा कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला. अर्धा दिवस गेला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

खुलासा आला. वहीचे दोन कागद, पाठपोट, निळ्या पेनने. अपेक्षाने वाचलासुद्धा नाही – "यात टेक्निकल आहे, तुम्हीच शेरा द्या." तिचा उपास, माझं काम.

सुरुवात अशी: "मा. साहेब, मी एका गरीब कुटुंबातील असून..." पुढं आई, दोन बहिणी, सहा वर्षांत एकही खाडा नाही. चार ओळी वाचल्या. प्रत्येक अर्जाची सुरुवात अशीच असते, माझ्या पगारवाढीच्या अर्जाचीही असेल. खाली शेरा मारला: खुलासा असमाधानकारक. सही. दीड मिनिट.

२४ सप्टेंबर

वीस तारखेपासून शून्य. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य. आलेख मुद्दाम प्रिंट काढून जयदीपच्या टेबलावर ठेवला. इकडं रोज दोन उंचवटे, आणि तो गेला त्या दिवसापासून सपाट. लहान मुलालाही कळेल.

गाडी कंपनीने उत्तर स्वीकारलं. सोपानराव स्वतः माझ्या टेबलापाशी आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "मॅडम, तुमी व्हता म्हणून." मान डोलावली आणि गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

अपेक्षा म्हणाली, चाकणमधल्या सगळ्या एचआरचा एक ग्रुप आहे, त्यावर तिने त्याचं नाव टाकलंय. इथून काढल्यावर महाळुंगेत एका ठिकाणी त्याचं जवळजवळ ठरलं होतं, त्यांनीही नाही म्हटलं. असल्या माणसाला कुणी ठेवूच नये.

२७ सप्टेंबर

शून्य. लॅबमध्ये नवा माणूस आलाय. याला पासवर्ड पाठ होतो पण मशीन येत नाही. दोन लॉट परत आले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

नीट लिहायला हवं.

चार वाजता मेन बंद करून सगळा शॉप धुऊन घेतला. प्रेस, लेथ, क्रेन – सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळदी-कुंकू. लॅबच्या कॉम्प्युटरचीही वायर काढून ठेवली होती, त्याला मी स्वतः कुंकू लावलं. इन्व्हर्टरवर फक्त माझी सर्व्हरची खोली आणि गेटची केबिन. पेढे वाटले, जयदीपने भाषण केलं, लोक पांगले. मी पर्स उचलताना सवयीने फायरवॉलकडे बघितलं. सहा बेचाळीस. सदतीस नंबर चालू! नेहमीचा सर्व्हर, नेहमीचा वेग.

लॅबमध्ये पळत गेले. कॉम्प्युटर तसाच, काळा पडदा, गळ्यात माळ. वायर टेबलावर. लॅबला कुलूप होतं, ते मीच उघडलं.

परत येऊन, जे नऊ सप्टेंबरला करायला हवं होतं ते केलं. पत्ता कुणालाही देता येतो, पण प्रत्येक यंत्राचा कारखान्यातून आलेला स्वतःचा एक नंबर असतो. तो बघितला. लॅबच्या मशीनचा नाहीच. दुसराच डबा माझा सदतीस नंबर वापरत होता. वायर कुठं जाते ते शोधत गेले – गेटच्या केबिनमध्ये.

गेटच्या आत डाव्या हाताला म्हसोबा आहे. इथं सोपानरावांचं शेत होतं तेव्हा तो बांधावर होता. कंपनी बांधली तेव्हा देव हलवला नाही, त्याच्याभोवती चार खांब आणि पत्रा टाकला. रोहिदास तिथं आरती करत होता, एका हातात ताट, दुसऱ्या हाताने घंटा. खांबाला छोटा कॅमेरा. केबिनच्या खिडकीत जुना कॉम्प्युटर. त्याच्यावर स्टिकर – "लॅब स्पेअर, मंजुषा" – अक्षर माझं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

रोहिदास घाबरला. "आईसाहेबांसाठी, मॅडम." सोपानरावांची आई, अंबूबाई. पन्नास वर्षं या म्हसोबाला दिवा लावायच्या, जूनमध्ये खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून पलंगावर. "त्यांना घरी फोनवर आरती दिसती. ज्योतीरामभाऊ रोज सकाळ-संध्याकाळ लावायचे. आरतीबी तेच करायचे. ते गेल्यापासून बंदच व्हतं. आईसाहेबांनी दोनदा सांगावा धाडला, नवमीची तरी दाखवा म्हणून मीच लावलं. चुकलं का काय?"

मी म्हटलं, "नाही. तुमचं नाही चुकलं."

जूनमध्ये लॅबचा कॉम्प्युटर कुरकुरत होता म्हणून मी एका स्पेअर कॉम्प्युटरवर त्याची जशीच्या तशी प्रत करून ठेवली होती. सगळं तेच – नाव तेच, पासवर्ड तोच, पत्ता सदतीस. मग लॅबचाच दुरुस्त झाला आणि प्रत स्टोअरमध्ये पडली. पत्ता बदलायचा राहिला. परदेशातला सर्व्हर म्हणजे फोनवर व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपचा. माझं कनेक्शन तुटलं ते ज्योतीरामने तोडलं नव्हतं. एका पत्त्यावर दोन मशीनं आली की असंच होतं. हेही पहिल्या वर्षाला शिकवतात.

लॅबचं मशीन खरं बोलत होतं.

सोपानरावांना माहीत होतं की आई फोनवर आरती बघते. पण ती आरती आणि ही चोरी एकच, हे त्यांना कोण सांगणार? ते सांगण्याचाच तर पगार मी घेते.

मग अपेक्षाच्या कपाटातून ती फाइल काढली. दुसऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला, मी पोचलेच नव्हते तिथं:

"सकाळी साडेसहा ते सात व संध्याकाळी साडेसहा ते सात मी लॅबमध्ये नसतो. गेटवर म्हसोबाची आरती करतो व ती आईसाहेबांना दाखवतो. त्यासाठीचा कॉम्प्युटर २८ जुलै रोजी मंजुषा मॅडमना विचारून स्टोअरमधून घेतला आहे. माझ्या मते त्याचा व लॅबच्या कॉम्प्युटरचा पत्ता एकच असावा, कारण त्या वेळेत लॅबचे नेट जाते. मॅडमनी एकदा तपासून बघावे ही विनंती."

तपासून बघावे ही विनंती. आणि त्याखाली माझा शेरा.

अठ्ठावीस जुलै आठवत नाही. म्हणजे, कुणीतरी दारात उभं राहून काहीतरी विचारत होतं आणि मी "न्या हो, डोकं खाऊ नका" म्हटलं होतं, असं काहीतरी आठवतं. चेहरा आठवत नाही. मी मान वर करून बघितलंच नसेल.

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. दुपारपर्यंत हाच विचार – त्या डब्याचा पत्ता सदतीसचा अडतीस केला की झालं. पाच मिनिटांचं काम. कुणाला कधीच कळणार नाही. गाडी कंपनी खूष आहे, जयदीप खूष आहे, सोपानराव टेबलापाशी येऊन गेलेत. एकदा तर घरून तिथवर पोचलेही होते, फक्त बटण दाबायचं होतं.

दिवसभर जगाला मूर्ख म्हणत फिरायचं आणि वेळ आली की हे. किळस आली स्वतःची.

दुसरा अहवाल लिहिला. दीड पान पुरलं. पहिल्याच ओळीत माझं नाव आहे.

४ ऑक्टोबर

अहवाल सोपानरावांच्या हातात दिला. त्यांनी पूर्ण वाचला, बोट ठेवून. माझ्याकडे बघितलं नाही. "त्या पोराला सोमवारी बोलवा. कायमचं पत्र द्या." माझं काय ते नंतर ठरेल. जयदीप म्हणाला, गाडी कंपनीला हे कळवायची गरज नाही. मी म्हटलं, मी कळवलंय.

ज्योतीरामला फोन मीच केला. सगळं सांगितलं – चूक माझी, सोमवारी या, पत्र तयार आहे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, खुलाशात तुमचं नाव लिहायला नको व्हतं म्या. मह्यामुळं तुमाला तसा शेरा मारावा लागला."

मी म्हटलं, "नाही ज्योतीराम, मी तो वाचलाच नव्हता. खरंच सांगते."

"बरं मॅडम," तो म्हणाला, आपण साहेबाला म्हणतो तसं. त्याला ते खरं वाटलं नव्हतं.